सूचनापेटीतली अकरावी चिठ्ठी

१२ सप्टेंबर

लाडक्या ठमीस,
ताईचे आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडशील, पण आधी वाचशील. तुला काय आज ओळखते? मामा-मामींना नमस्कार सांग. आई बरी आहे. कालपासून माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

कारखान्यात नवे मॅनेजर आलेत. कामगारांचा उत्साह वाढावा म्हणून रोज सकाळी दोन मिनिटं टाळ्या वाजवायला लावतात. बायकांनी नाव ठेवलंय, टाळीसाहेब! मग त्यांनी आमच्या पॅकिंगमध्ये सूचनापेटी लावली. महिनाभरात तिच्यात पडलं काय, तर केसांची एक पिन आणि चॉकलेटचे दोन कागद. साहेब मला म्हणाले, "सुपरवायझरबाई, तुमच्या बायकांना कामात रसच नाही का?" माझं तोंड एवढंसं झालं.

शेवटी मीच घरी बसून चिठ्ठ्या खरडल्या. काही डाव्या हाताने, काही मुद्दाम अशुद्ध. आई म्हणाली, "परीक्षा आहे का गं तुझी?" पंखा दुरुस्त करा, साबणाच्या भुकटीने शिंका येतात, मास्क द्या, असं करत दहा झाल्या. अकरावी काही केल्या सुचेना. तेव्हा तुझं बोलणं आठवलं, तेच लिहिलं: 'तासाला पाच मिनिटं बसू दिलं तर हात जास्त चालतील.'

परवा सभेत साहेबांनी नेमकी तीच वाचली. "इतकी साधी गोष्ट आजवर कुणी बोललं कसं नाही?" म्हणाले. सगळ्या खाली बघत होत्या. तुझ्या शेजारी उभी राहायची ती लेबलवाली तेवढी माझ्याकडे बघत म्हणाली, "बोलली होती एक."

ठमे, तुझा गुडघा सुजलेला मला दिसत होता. बहिणीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "बसायचं असेल तर घरी जाऊन बस." तू अ‍ॅप्रनची घडी घालून टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. आईला मी सांगितलं, तिला काम झेपलं नाही. आठ महिने तेच सांगत आले. चुकलं माझं.

सभेत मी उठून सांगून टाकलं. अकराही चिठ्ठ्या माझ्या हातच्या, पण शेवटची बहिणीची, आणि तिला मीच घालवलं. साहेब टाळ्या वाजवायचं विसरले. मला लेखी ताकीद मिळाली. मिळायलाच हवी होती. काल घरी आल्यावर आईलाही खरं सांगितलं. त्यावर ती का बोलत नाही, ते तुला कळलंच असेल.

आज स्टुलं आली. लेबलवालीने एक तुझ्या जागेवर ठेवलंय आणि त्याच्यावर कुणाला डबासुद्धा ठेवू देत नाही. तुझी जागा सोमवारपर्यंत रिकामी ठेवायला साहेब तयार आहेत, मग नवी बाई घेतील. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. सगळ्यांसमोर बोलले होते, माफीही सगळ्यांसमोरच मागेन.

तुला घरी बसवणारी,
ताई