कोजागरीची हलगी

२८ सप्टें., रवि.
सकाळपासून शेजारच्या शोभाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर माळा. ती शिडीवर, मी खाली शिडी धरून. ती वायर बांधायचे झिप टाय तोंडात धरून बोलते, त्यामुळे निम्मं कळत नाही. कळतं ते निम्मं मला उद्देशून असतं. "बाई, शिडी धरा की. पोथी धरल्यागत काय धरताय!"
कामाची विभागणी गेल्या दिवाळीसारखीच. वायरी, सोल्डर, माळेला वीज देणारे सप्लायचे डबे, सगळं तिच्याकडे. कुठला दिवा कधी, कुठल्या रंगात, हे कॉम्प्युटरवर बसवायचं माझ्याकडे. माळ आमच्या फाटकापासून निघते, गच्चीची कड धरून मधल्या कुंपणावरून तिच्या सज्ज्यापर्यंत जाते. दोन घरं, एक माळ. अख्ख्या कसबा बावड्यात असं दुसरं नाही (शोभाचं मत. मी नम्रपणे सहमत).
यंदा सगळं हलगीच्या ठेक्यावर. स्पीकर तिच्या गच्चीवर. वेळापत्रक मात्र तारखांवर नाही, तिथींवर. चाचणी कोजागरीला, मग वसुबारसेपासून रोज दिवेलागणीला आपोआप. माझा नवरा दिलीप म्हणतो, "लाईट बिलावर पण तिथी छापून घे."
आक्का, म्हणजे शोभाच्या सासूबाई, व्हरांड्यात बसून देखरेख करत होत्या. "डोळ्यात घुसतंय गं. बारीक कर." बारीक केलं. "आता दिसंना झालं."

३ ऑक्टो., शुक्र.
आक्का गेल्या. पहाटे, झोपेत. काल दसऱ्याचं सोनं द्यायला गेले तेव्हा माझाच हात धरून बसल्या होत्या.
दुपारपर्यंत गारगोटीहून आण्णा आले. शोभाच्या नवऱ्याचे, सतीशचे थोरले भाऊ. त्या घरात शब्द त्यांचा. सतीश त्यांच्यासमोर पाणीसुद्धा उभ्यानं पीत नाही.
त्यांची चूल बंद. आमच्याकडून पिठलं-भाकरी गेली.
संध्याकाळी एकदम आठवलं, दिवे! तिकडचा सप्लाय त्यांच्या जिन्यात. मयताच्या घरात शिरून "जरा बटण बंद करते" कसं म्हणायचं? कॉम्प्युटरवरूनच केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा मंगळवारी, ७ तारखेला. ७ ला 'बंद' टाकलं. सुटले.

५ ऑक्टो., रवि.
रक्षाविसर्जन झालं. शोभाला नीट भेटता आलं नाही, बायकांचा गराडा. निघताना दारात हळूच म्हणाली, "बाई, माळा ऱ्हाऊ देत हायत तशा. आत्ता कोण चढणार?" मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी सगळं बंद केलंय.
हे वाक्य मी म्हटलं. ठामपणे.

६ ऑक्टो., सोम.
क्रमानं लिहिते, म्हणजे शांत व्हायला होईल.
दिवेलागण. त्यांच्या अंगणात सतरंज्या, भेटायला आलेली माणसं, आण्णा मधोमध. मी भाकऱ्यांचं टोपलं घेऊन फाटकातून आत पाऊल टाकलं आणि डोक्यावर हलगी कडाडली. दोन्ही घरं पेटली. हिरवा, जांभळा, भगवा, सज्ज्यावरून पळतोय, कुंपणावरून उड्या मारतोय. मीच बसवलेल्या उड्या. एक म्हातारा "अरं अरं अरं" करत उठून उभाच राहिला.
मी टोपलं तिथंच ठेवून घराकडे पळत ओरडले, "दिलीप, बंद कर!" त्यानं भीतीनं आमच्या घराचा मेन स्विचच पाडला. कॉम्प्युटर मेला, हलगी थांबली. पण या दिव्यांची एक खोड आहे. हुकूम यायचा थांबला तरी वीज मिळतेय तोवर ते शेवटचा रंग धरून बसतात. आमचं घर अंधारात, आणि शोभाचं घर भडक भगवं, निश्चल. हलगीपेक्षा ते भयंकर.
सगळे वर बघतायत. कुणालाच कळेना काय करायचं. मग बायकांतून शोभा उठली. पदर सावरला, सगळ्यांच्या मधून जिन्यात गेली. कट्. अंधार.
परत येऊन आपल्या जागी बसली. अंगणातली एकूण एक नजर तिच्यावर. त्या घरात ते बटण कुठं आहे हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि आता ते सगळ्यांना ठाऊक झालं.

७ ऑक्टो., मंगळ.
चूक सापडली. शोधायला दूर जावं लागलं नाही, आरशासमोर उभी राहिले.
दरवर्षी वर्गात पोरींना ऐकवते, 'कोजागरी म्हणजे कॅलेंडरवरची पौर्णिमा नव्हे. मध्यरात्री पौर्णिमा असेल ती रात्र. निशीथव्यापिनी.' कॉम्प्युटरलाही मीच तसं शिकवलं. त्यानं आज्ञाधारकपणे सोमवार धरला. आणि घाईच्या वेळी मी बघितलं काय, तर किराणावाल्यानं फुकट दिलेलं कॅलेंडर. शिष्य पास, गुरू नापास.
दिलीपला सांगितलं. तो हसला नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

८ ऑक्टो., बुध.
शोभाकडे गेले, आण्णांपुढे बसले, सगळं सांगितलं. शोभाचा काही संबंध नाही, दोष माझा एकटीचा.
"कंप्युटरला तिथी कळती?"
"मी शिकवली."
"मग त्याला सुतक का न्हाई शिकवलं?"
 
मग म्हणाले, "बाई, तुमी मास्तरीण. तुमच्यावर राग न्हाई. तुमी चुकला म्हणताय, व्हय, आसंल. पण बटण कुणाला ठावं हुतं? सासूची राख निवायची हाय अजून, आणि हिचं हात कुठं, तर वायरीत." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "दिवाळी झाली की माळा उतरायच्या. सतीश उतरवंल. सुनंनं शिडीवर चढायचं न्हाई. आता न्हाई, फुडं बी न्हाई."
सतीश जमिनीकडे बघत होता. शोभा दाराआड असावी. बांगड्या वाजल्या, एकदाच.
म्हणजे मी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा तिला झाली. माझी पदवी माझ्या कामी आली, ती अशी.

१२ ऑक्टो., रवि.
शोभा फोन उचलत नाही. दोनदा कुंपणापाशी दिसली, धुणं वाळत घालताना. मी "शोभा" म्हटलं. तिनं मान हलवली. होकाराची नव्हे, नकाराचीही नव्हे. ऐकलं, एवढंच.
माझ्यावर रागावलीये? की बोलल्यावर आणखी बोलणी बसतील म्हणून गप्प? दिलीप म्हणतो, "तू दोन्हीची तयारी ठेव." हा धीर आहे की काय आहे?

१५ ऑक्टो., बुध.
आक्कांचं उत्तरकार्य. जेवायला गेले. शोभा वाढत होती. माझ्या पानाशी आली, "बाई, भात घ्या." घेतला. नको म्हणायची हिंमत कुणाची? भात जास्त झाला.
शेजारच्या पंगतीतली एक बाई दुसरीला विचारत होती, "हीच का ती दिवंवाली?" शोभानं ऐकलं. वरणाची पळी जरासुद्धा डगमगली नाही.
नाव पडलं म्हणजे पडलं. आमच्या गावात मूळ नाव विसरतात, पडलेलं नाव नातवंडांपर्यंत पोचतं.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस.
वेळापत्रकातलं सगळं सगळं पुसून टाकलं. तिथी, तारखा, सगळं. तरी दिवेलागणीला मेन स्विचपाशी उभी राहिले. काही झालं नाही. दिलीप चहा घेऊन तिथंच आला. "पहारा कधी बदलायचा?"
गल्लीतली पोरं विचारून गेली, "बाई, यंदा नाही?"

१८ ऑक्टो., शनि.
यंदा त्यांच्याकडे तळणीची कढई चढायची नाही, वर्ष सरेपर्यंत सण नाही. अशा घरी शेजाऱ्यांनी फराळ द्यायचा. डबा भरताना तीनदा रिकामा केला. चकल्या जास्त दिसतात, मग मिरवल्यासारखं वाटतं. कमी दिसतात, मग हात आखडल्यासारखं.
दार सतीशनं उघडलं. "या की बाई." आत बोलावलं, पण शोभा बाहेर आली नाही. "न्हाणीत हाय." पाण्याचा आवाज येत नव्हता.

१९ ऑक्टो., रवि.
भर दुपारी, कुणाला दिसणार नाही अशा उन्हात, आमच्यापुरती माळ लावून बघितली. का, ते मलाही सांगता येणार नाही. फाटकाजवळ पांढरा नीट पांढरा. गच्चीच्या कडेला पिवळट. शेवटचे दिवे तर तांबूस, विझत आल्यासारखे. तिकडच्या टोकाला वीज तिच्या जिन्यातून यायची, ती बंद. एका बाजूनं दिलेला जोर शेवटपर्यंत पुरत नाही. हे सगळं शोभाचं खातं. मला नुसतं दिसतं, दुरुस्त करता येत नाही.
बंद केलं.

२० ऑक्टो., सोम.
अभ्यंगस्नान उरकून नणंदेकडे इचलकरंजीला फराळ पोचवायला. दिवसभर तिथंच. संध्याकाळी परत आले तर दिलीपचा चेहरा काहीतरी लपवल्यासारखा.
"शोभा आली होती."
"आणि तू आत्ता सांगतोस?"
"तू आत्ताच आलीस."
गच्चीवर धावले. कुंपणावरून पलीकडे जाणारी माळ नाही. तिच्या भिंतीवरची सगळी उतरवलेली. नीट वेटोळी करून आमच्या माळ्यावर, प्रत्येक जोडाला पाणी लागू नये म्हणून टेप. आणि आमच्या गच्चीच्या टोकाला एक सप्लाय. तिच्या जिन्यातला. भिंतीला बसवलेला, वायरी क्लिपा मारून सरळ रेषेत. आता आमच्या माळेला पलीकडची गरज नाही.
"काय म्हणाली?"
"शिडी मागितली."
"आणि?"
"वर चढली."
"अरे, रागात होती का?"
"तोंडात झिप टाय होते. कसं कळणार?"
"कुणी बघितलं?"
"भर दिवसा गच्चीवर शिडी. सगळ्यांनीच."
शिडीवर चढायचं न्हाई, असं म्हटलं होतं. ती चढली. आपल्या घरच्या शिडीवर नव्हे, माझ्या. आणि चढून केलं काय, तर दोन घरांची एक माळ तोडून दोन केल्या. ही वाटणी, की मोकळीक? तुझं तू लाव, माझी वाट बघू नकोस, असं? की तुझं तू लाव, माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस?
टेप इतका निगुतीनं लावलाय. पुढच्या वर्षी सोडवायचा असल्यासारखा. किंवा कुणाची वस्तू परत करताना लावतात तसा.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन.
सकाळी डोळा उघडल्यापासून एकच. लावायचे की नाही?
लावले तर मधे कुंपण, अलीकडे झगमगाट, पलीकडे काळोख. आणि कालची शिडी सगळ्यांनी बघितलीये. बोलणी पुन्हा तिलाच. नाही लावले तर तिनं उन्हात उभं राहून केलेलं काम वाया, आणि तेही तिलाच लागेल. मी काहीही केलं तरी जाऊन पडतं शोभावर. दिलीपचा सल्ला: "निम्मे लाव." आमच्या घरात व्यवहारज्ञान एवढंच.
दुपारी आण्णांची जीप आली. गारगोटीच्या शेजाऱ्यांनी दिलेल्या फराळाचे डबे घेऊन. त्यांच्याही घरी कढई बंदच. जीप अजून तिथंच आहे.
संध्याकाळ. पूजा झाली, पणत्या लावल्या. गल्लीत लवंगी सुरू. शोभा त्यांच्या पायरीवर बसलेली दिसतेय, शेजारी सतीश. आण्णा व्हरांड्यात, पाठमोरे. त्यांच्याकडे उंबऱ्याशी एकच दिवा.
आत्ता फोन वाजला. शोभाचा मेसेज. इतक्या दिवसांत पहिला. ना बाई, ना दिवाळीचं काही. एवढंच:
"पांढरा शेवटपर्यंत जातोय का बघा."
खिडकीतून बघितलं. तिनं फोन पदराखाली ठेवला होता. वर बघत नव्हती.
कामाचं विचारतेय. वायर तिनं ओढली, तपासायची जबाबदारी तिची; अर्धवट काम तिला कधीच सोसत नाही. तेवढंच असेल. तेवढंच नसेल तर?
दिलीप बटणापाशी उभा आहे. "मग?"
आण्णांनी आत्ता मान वळवली, आमच्या गच्चीकडे.
पांढरा शेवटपर्यंत जातोय का, हे लावल्याशिवाय बघता येत नाही. तिला हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.