सावलीत हळद वाळत न्हाई

११ फेब्रु.
ताई उंबऱ्यावर बसली ती उठंना. मला वाटलं नाटक. मागून जाऊन "साप!" म्हणून बोंबललो. तरी उठली न्हाई. नुसती रडली. मंग मलाच कसंतरी झालं.

१३ फेब्रु.
माय, मी, ताई औंढ्याला दवाखान्यात. रिपोटसाठी दिवसभर बसलो. डॉ. म्हणले, व्हिटॅमिन डी लई कमी हाय, म्हणून हाडं दुखून राहिलीत. "शेतकऱ्याची पोरगी ना तुमी? गावचं ऊन कुठं गेलं?"
मायनं रिपोटची घडी घातली. स्थळं येऊन राहिलीत, पोरगी काळी पडंल म्हणून दीड वर्ष झालं ताईला उन्हात जाऊ देत न्हाई.
आठवड्याला एक पुडी दुधात. रोज धा-अकराच्या उन्हात अर्धा घंटा, हातपाय उघडे.
येताना ऑटोत माय म्हणली, "पुडी देऊ. उन्हाचं लग्नानंतर पाहू."

१४ फेब्रु.
शिजवलेली हळद अंगणात वाळू घातली. बाबा दर घंट्याला वरखाली करतात. ऊन कमी पडलं तर आतून कच्ची राहती म्हणे. ताई खिडकीतून पाहून राहिली. मी म्हणलो, "बाबा, हळदीची लई काळजी हाय तुमाला."
"तोंड कमी चालव, हात चालव."

१६ फेब्रु.
डोकं लावलं. पाय मुरगळला म्हणून गाव गोळा केलं. मायनं हळद-चुना लावून पट्टी बांधली. आता हळदीवरच्या शेळ्या-कोंबड्या कोण हाकलणार? माय-बाबा तर शेतात. शेवटी माय ताईलाच म्हणली, "बस घंटाभर. तोंडाला ओढणी बांध."
ताई डाकूवानी तोंड बांधून बसली. मी म्हणलो, "हाताचं काही सांगितलं न्हाई मायनं. बाह्या वर कर."
हसली. लई दिसानं.

२३ फेब्रु.
पट्टी अजून हाय. आज चुकून दुसऱ्याच पायानं लंगडलो, मायनं पाहिलं नसंल बहुतेक.
ताई रोज बसती. आज भिंत न धरता उठली. पुडीचा गुण का उन्हाचा, देव जाणे.

१ मार्च
परभणीचे पाव्हणे आले. पोराच्या मावशीनं ताईचा हात धरला, बांगड्या वर सारल्या. बांगडीखाली गोरं, बाकी काळं.
"उन्हात कामाला जाती का हो?"
मायचं तोंड उतरलं. मावशी म्हणली, "आसू द्या, पोरगी पसंत हाय. फकत लग्नापर्यंत सावलीत ठिवा. आमच्याकडं उन्हाचं नावच न्हाई. गल्लीत घर, वर स्लॅब."
मी मधीच, "पन तिला ऊन लागतं हो. डॉ.नं सांगितलं हाय."
सगळे हसले. मायनं मांडीला चिमटा काढला. बाबा म्हणले, "ह्याचं मनावर घेऊ नका. पोरगं मस्करीखोर हाय."
जल्मात एकदा खरं बोललो.

२ मार्च
मायनं मही पट्टी सोडली. पाय दाबून पाहिला. मारलं न्हाई. मारलं आसतं तर बरं. म्हणली, "तीन जागी रंगावरून नाही म्हणले तिला. तवा तू कुठी होता?"
मी पट्टी गुंडाळून ठिवली.

७ मार्च
हळद वाळली. खणखण वाजती. पोत्यात भरली. अंगण रिकामं, ताईला बसायला आता कारण न्हाई.
पुड्या संपल्या. माय म्हणती, "बरी हाय की आता."

१३ मार्च
ताई परत भिंत धरून उठून राहिली. मी पाहिलं ते तिनं पाहिलं. म्हणली, "गप बस हं. मायला सांगू नको."

१४ मार्च
माय-बाबा लग्नाचे कपडे पाहायला हिंगोलीला गेले. मी ताईच्या खोलीवर चढलो. दोन खिळे काढून पत्रा थोडा सारला. खाली भाकरीएवढं ऊन पडलं.
ताई म्हणली, "येड्या, बाबा जीव घेतील."
मंग हळूच त्याच्यात पाय ठिवला. ऊन सरकलं तशी ती बी सरकत गेली, बसल्या बसल्या.
माय आली की पाहीलच. वानरानं केलं म्हणीन. न्हाई पटायचं. ठोकला तर परत काढीन. लग्न वैशाखात हाय, तोवर मी हाय.
परभणीला तर स्लॅब हाय.