कॉफीच्या डब्यातला पाऊस

सिअ‍ॅटल,
१८ नोव्हेंबर

प्रिय आर्वोमामा,

तुझा गुडघा थंडीनं कुरकुरत असेल आणि तू आईला "काही झालं नाही" म्हणत असशील, हे धरूनच लिहायला बसले आहे. मी मजेत आहे. तू धुरावून पाठवलेला सॅमन पोचला. माझ्याबरोबर राहणाऱ्या दोघींनी तो दोन दिवसांत फस्त केला, आणि आता विचारतात, "तुझ्या मामाचं लग्न झालंय का गं?" मी म्हटलं, झालंय, रस्ता सपाट करायच्या यंत्राशी. चाळीस वर्षांचा संसार आहे.

इथे कामाला अंत नाही. पण एक चांगली बातमी आहे. दरडी आणि भूकंपांवर लिहिणाऱ्या एका नावाजलेल्या प्राध्यापकांनी माझ्या ब्लॉगची शिफारस केली, आणि एका आठवड्यात नऊ हजार लोकांनी तो वाचला! आपल्या घरात माझ्याआधी कुणी शाळेपुढे शिकलं नाही, म्हणून ही बातमी तुला आधी सांगावीशी वाटली.

आई म्हणाली, तू हल्ली टेकडीवर जात नाहीस. थंडीमुळे असेल. जपून राहा.

आणि एक. मी दर शुक्रवारी ब्लॉगवर थोडं गमतीचं लिहिते. लोक काय काय पाठवतात: भूकंपाआधी दुखणारे सांधे, ढगांचे फोटो. तुला कुणी त्यातलं काही दाखवलं तर मनावर घेऊ नकोस. ती पत्रं बिननावी असतात. कुणाचं कुठलं, मला कळायला मार्ग नसतो.

नाताळला बहुधा जमणार नाही. लेंपीमावशीला माझा नमस्कार सांग, आणि तिच्या कोंबड्यांनाही.

तुझी,
सायमी


सिअ‍ॅटल,
२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीच्या तिन्ही पत्रांत मी फार चांगली मुलगी होते, म्हणून ती फाडली.

लेंपीमावशीच्या अंत्यविधीला मी आले, तेव्हा आपण दोन वाक्यं बोललो. तू म्हणालास, "पुल्ला खा, वाळलीस." मी म्हटलं, "खाते." मग तू चर्चच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलास आणि मी ताटलीत वेलदोड्याचा तो पाव घेऊन तुझ्याकडेच येत होते. तुझ्याशेजारी रेनो होता, धान्याच्या दुकानाचा. त्याला मी दिसले नाही. तो म्हणाला, "आर्वो, राग मानू नकोस, पण तुझ्याच भाचीनं लिहिलं होतं ना, टेकडीला काही होत नाही म्हणून?"

तू म्हणालास, "तिला काय माहीत वही कुणाची ती? तिच्याकडे रोज शंभर येतात. चूक माझी. मी मोजायचं सोडलं."

मी तिथूनच मागे फिरले. पाव कोटाच्या खिशात घातला. तो अजून तिथेच आहे.

मामा, मला माहीत होतं.

गावच्या लायब्ररीतल्या डोरीनबाईंनी तुझ्या वहीची ती चार पानं ब्लॉगसाठी पाठवली तेव्हा खाली नाव नव्हतं, नुसतं "एक रस्तेवाला" होतं. आईनं नंतर सांगितलं, तूच नाव घालू नका म्हणालास. भाचीनं मामा म्हणून नव्हे, आकडे म्हणून वाचावं, असं तुला वाटत होतं. पण तुझ्या सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ असते. त्या सातावर मी पाढे शिकले. पहिली ओळ वाचायच्या आधी मला कळलं होतं, वही कुणाची ते.

तारीख. कॉफीच्या डब्यात साठलेला पाऊस. भेगेच्या दोन्ही काठांना ठोकलेल्या दोन खुंट्यांमधलं अंतर. आणि शेवटच्या रकान्यात तुझे शेरे: "महिन्यात खुंट्या अंगठाभर लांबल्या." "वरची फरची झाडं टोप्या काढायला लागलीत." झाडं उताराकडे झुकतात त्याला तू लहानपणापासून असंच म्हणतोस. मला ते वाक्य फार आवडायचं.

तेच वाक्य मी मथळा म्हणून वापरलं.

मी काय लिहिलं ते तुला पाठ असेल. रेनोनं ते छापून दुकानात लावलं होतं आणि सगळे तुला "काय प्रोफेसर, आज डोंगर किती अंगठे?" विचारत होते, असं आई म्हणाली. तरी मी ते इथे पुन्हा लिहिते, कारण ते माझ्या हातानं एकदा तरी तुला लिहिलं जायला हवं: "हेमलॉक टेकडीवरचे एक संशोधक पाऊस कॉफीच्या डब्यानं मोजतात आणि डोंगर अंगठ्यानं. तिथल्या रहिवाशांनी निवांत झोपावं."

का लिहिलं? त्याच आठवड्यात नऊ हजार लोक आले होते. त्यांना हसवायचं होतं. आणि आमच्या प्रयोगशाळेत थिओ नावाचा एक मुलगा आहे, त्यानं माझ्या खांद्यावरून पानं बघितली आणि विचारलं, "सायमी, हे तुझ्या गावाकडचं का गं? नदीचं नाव तेच दिसतंय."

मी म्हटलं, "छे! आमच्याकडे पाऊस डब्यात नाही, डोक्यावर मोजतात."

सगळे हसले. मीही हसले. तू मला पदवी मिळाली त्या दिवशी पँटचे खांद्यावरून घ्यायचे ते धुतलेले सस्पेंडर लावून पहिल्या रांगेत बसला होतास, आणि मी तुला "छे" म्हटलं.

मी माझ्या वाचकांना दर आठवड्याला सांगते की आधी जमीन बघा, मग बोला. आमच्याकडे विमानातून लेझरनं केलेले नकाशे आहेत. त्यांत झाडं वगळता येतात, नुसता उघडा डोंगर दिसतो. कुणालाही फुकट बघता येतात. हेमलॉक टेकडीचा नकाशा मी पहिल्यांदा उघडला तो अकरा जानेवारीला, दरड आल्याचा आईचा फोन ठेवल्यावर. चार मिनिटं लागली. टेकडी आधी तीनदा घसरल्याच्या खुणा त्यात आहेत, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. लेंपीमावशीचं घर मधल्या पायरीवर होतं. तुझ्या खुंट्या बरोबर वरच्या पायरीच्या काठावर. तू नकाशाशिवाय ती जागा शोधलीस.

तुझा डबाही ताडून बघितला. ऑक्टोबरात विमानतळावरच्या सरकारी मापकात सात इंच पाऊस आहे. तुझ्या वहीत अकरा. पाऊस टेकडीवर पडत होता, विमानतळावर नव्हे.

आता जे सांगायला सगळ्यात जड जातंय ते. तुझा आणि लेंपीमावशीचा करार आईनं मला सांगितला. आठवड्यात अंगठाभर सरकलं की तू दार वाजवायचंस आणि तिनं निघायचं. सप्टेंबरपासून तिची बॅग भरून दाराशी होती. माझं वाचल्यावर तिनं ती रिकामी केली. आई म्हणाली, "अगं लेंपी, असू दे ना भरलेली." तर म्हणाली, "कशाला? आपलीच पोर आहे, शिकलेली. ती काय उगाच लिहील?"

तू मोजायचं सोडलंस ते माझ्यामुळे. तिनं बॅग सोडली ती माझ्यामुळे. दरड आली त्या रविवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे घालत होती तेव्हा तिला निघायला सांगणारं कुणी नव्हतं, तेही माझ्यामुळे. तू स्वतःवर जे घेऊन बसला आहेस ते तुझं नाही, मामा. ते माझं आहे. रेनोला सांग. मी स्वतःही सांगणार आहे.

त्या दिवशीचा लेख मी काढून टाकलेला नाही. काढला तर बरं वाटेल ते मलाच. त्याच्यावर आता काय लिहायचं त्याचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. त्यात तुझी चारही पानं आहेत, तुझं नाव आहे, आणि मला अक्षर ओळखू आलं होतं हेही आहे. तू हो म्हणालास तरच छापीन. तांबड्या पेन्सिलीनं हवं ते खोड. माझ्याबद्दलचं मात्र खोडू नकोस.

आणि एक, ज्याला थांबून चालणार नाही. आई म्हणते, तुझ्या घराच्या वर नवी भेग पडली आहे. काउंटीच्या सरकारी कचेरीतला माणूस बघून गेला आणि यंत्रं एप्रिलमध्ये बसवू म्हणाला. एप्रिलपर्यंत तिथला पाऊस थांबत नाही. त्या टेकडीची मोजमापं जगात एकाच माणसाकडे आहेत, आणि त्यानं खुंट्या उपटून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत घातल्या असं मला कळलं. रागावून घातल्यास की लाजून, मी विचारणार नाही. तू लाजायचं काही कारण नव्हतं.

पत्र मिळेल त्या दिवसापासून आईकडे झोपायला जा. तुझी मर्जी म्हणून सांगत नाही. ज्या मुलीनं एकदा "निवांत झोपा" असं सांगितलं, ती आता "तिथे झोपू नकोस" सांगते आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण मी उरू दिलेलं नाही, म्हणून माझ्यावर ठेवू नकोस. वरची झाडं बघ.

शनिवारी सकाळच्या बसनं येते. आठ खुंट्या सीडरच्या लाकडाच्या करून घेतल्या आहेत, रंग देऊन. दार उघडलं नाहीस तर मी सरळ टेकडीवर जाईन, पण टेप एकट्यानं लावता येत नाही, हे तूच शिकवलंस. मी सात वर्षांची होते. नव्या रस्त्यावर तू मला टेपचं टोक धरायला दिलंस आणि म्हणालास, "शून्य तुझ्या हातात आहे. ते हललं तर माझे सगळे आकडे खोटे. बाकी मी बघतो."

ते हललं, मामा. माझ्याच हातून हललं.

डबा कुंपणावर अजून तसाच आहे, काठोकाठ भरून ओसंडतोय, असं आई म्हणाली. शनिवारपर्यंत तेवढा रिकामा करून ठेवशील का?

शून्याचं टोक पुन्हा धरायला येणारी,
सायमी