दोन खऱ्या, एक खोटी

ता. ५, शुक्रवार

ती. आत्यास,
शि.सा.न.वि.वि.

आधी बस आणि मग वाच. तुझा खेळ माझ्या अंगाशी आला आहे.

तू सुचवल्याप्रमाणे पहिल्या दिवशी तिसरीच्या पोरांना गोल बसवून ओळखायचे खेळ घेतले. पडद्यामागचा आवाज ओळखा, पिशवीत हात घालून वस्तू ओळखा. पोरं इतकी मोकळी झाली की शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या. मी हरखले आणि तिसरा खेळ काढला. स्वतःविषयी तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. नमुना म्हणून मीच सुरुवात केली. मला सायकल येते, मला पालीची भीती वाटते, माझी आई माझ्याजवळ राहते. पोरांनी पाल धरली. मग मी सांगितलं, खोटं ते आईचं.

वर्गात एक मुलगी आहे, सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून पोरं तिला खारूताई म्हणतात. तोवर तिने तोंड उघडलं नव्हतं. तिने आपणहून हात वर केला. तिला शिट्टी येते, तिला दूध आवडत नाही आणि तिची आई घरी असते, असं ती म्हणाली. पोरांना शिट्टी खोटी वाटली, तर तिने वाजवून दाखवली. मग आई निघून गेली असं तिने अगदी सहज सांगितलं आणि बरोबर खेळले ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

तिचे वडील बस चालवतात. बायको तिच्या आजारी आईजवळ गेली आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत खरी बातमी गल्लीभर झाली. आज सकाळी ते शाळेत आले. आवाज न चढवता म्हणाले, की मुलीला अक्षरं शिकायला पाठवलं होतं, घरची धुणी चव्हाट्यावर धुवायला नाही. तिला आता लांब त्यांच्या बहिणीकडे ठेवणार आहेत. कारकून रजेवर आहे, गुरुवारी येईल, म्हणून दाखला तेवढा अडला आहे.

माझ्यामुळे तिची शाळा सुटणार आणि वडीलही. घास उतरत नाही. काय करू ते लगेच कळव.

तुझ्या मायेत उणं येऊ देऊ नकोस,
तुझी ठमी


ता. ८, सोमवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

बसूनच वाचलं. खेळ माझा, तेव्हा निम्मी बोलणी मी खाते. उरलेली निम्मी तुझी. अगं, पोरं नियम ऐकत नाहीत, बाईंचा नमुना उचलतात. तू आईचं सांगितलंस, तिनेही आईचं सांगितलं. बाईंचीही आई जवळ नाही म्हटल्यावर त्या लेकराला किती हायसं वाटलं असेल. मी नमुना द्यायची तो माझ्या पायाला सहा बोटं असल्याचा. पुढे कितीतरी दिवस वर्ग माझ्या चपलांकडे बघत असे.

आता रडणं पुरे. तिच्या वडिलांपुढे खुलासे करू नकोस. चिडलेल्या माणसाला खुलासा म्हणजे उलट उत्तर वाटतं. चूक झाली एवढंच म्हण. आणि एवढंच माग, की दाखला नेण्याआधी मुलीला वर्गाचा निरोप घेऊ द्या, तोवर तुम्हीही बसा. खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. ज्याची त्यांना एवढी धास्ती आहे, ते त्यांनी पाहिलेलंच नाही.

नाहीच ऐकलं तर मला काही सुचत नाही, हेही सांगून ठेवते. जेवत जा.

इकडची काळजी नको, तिकडची कळवत राहा,
तुझी आत्या


ता. ११, गुरुवार

ती. आत्यास,
शि.सा.न.वि.वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

खारूताईचे वडील आले, तिचा हात धरून. चूक झाली असं मी म्हटलं, तर खिडकीबाहेर बघत राहिले. तिकडे कारकून दाखला लिहायला बसलाच होता. निरोपाचं म्हटल्यावर कसेबसे शेवटच्या बाकावर टेकले, गुडघे मावेनात. मी सहा बोटांचा नमुना दिला. पोरं हसली, ते हसले नाहीत. तेवढ्यात एका आगाऊ चिमुरडीने त्यांनाच सांगितलं, की काका, आता तुमची पाळी. मी तिला गप्प करणार, तोच ते उभे राहिले.

ते बस चालवतात, त्यांना वेणी घालता येते, खारूताईची आई थोड्या दिवसांत परत येणार आहे. या तीन गोष्टी त्यांनी जमिनीकडे बघत सांगितल्या. आत्या, खारूताईची एक वेणी कानाच्या वर आणि दुसरी पार मानेवर. वेणी खोटी, असा वर्गाने एकच गिल्ला केला. त्यांनी हो म्हणून नुसती मान हलवली असती तरी ते सुटले असते. मला वाटलं, आता तसंच करतील आणि पोरीला घेऊन जातील.

पण खारूताई उठली. चांगलीच रागावली होती. वेणी खोटी नाही म्हणाली. बाबा रोज घालतात आणि केस मुळीच ओढत नाहीत. बस खोटी म्हणायची सोय नव्हती, ती सगळ्यांनी पाहिलेली. मग एकेक करून पोरं गप्प झाली, कारण एकच गोष्ट उरली होती. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि मान डोलावली. ती जाऊन त्यांच्या बाकावर, जागा नसताना, बसली.

दाखला त्यांनी नेला नाही. जाताना दारात थांबून मला विचारलं, की दोन्ही वेण्या एका उंचीवर यायच्या तर भांग कुठून पाडायचा. माझ्या वेण्या जन्मभर तूच घातल्यास, मला धड सांगता आलं नाही. तेवढं उलट टपाली कळव. ते पुन्हा विचारणार आहेत.

आहे तो लोभ माझ्या चुकांसकट राहू दे,
तुझी ठमी