चोवीस मिलिमीटर

३ फेब्रुवारी, मंगळवार

चोवीस! माझं तोंड फक्त चोवीस मिलिमीटर उघडतं. जबड्याच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून मोजलं. चाळीसच्या आसपास हवं म्हणे. तीस वर्षं दुकानात बसून लोकांची मापं घेतली, माझं माप पहिल्यांदाच कुणी घेतलं, आणि ते हे असं!

महिनाभर कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे खेटे घातले. कान स्वच्छ. मग दातांच्या डॉक्टरांकडे. दात ठणठणीत. शेवटी त्यांनीच इकडे पाठवलं. बाईंनी कानापुढे दोन बोटं टेकवली, तोंड उघडमीट करायला लावलं. उजवा गाल दाबला तेव्हा डोळ्यांतून पाणीच आलं. ‘आधी टकटक वाजायचं का?’ वाजायचं की! दोन वर्षं वाजत होतं. हे जेवताना चिडवायचे, तुझ्या तोंडात मशीन बसवलंय का? ‘मग वाजणं कधी थांबलं?’ नोव्हेंबरात. आणि मी मूर्ख, बरं झालं म्हणून खूश होते.

सांध्यात एक बारीकशी गादी असते. ती जागेवरून पुढे सरकायची, तोंड उघडलं की टक करून परत बसायची. आता परत बसतच नाही, अडकलीय. म्हणून आवाज गेला आणि तोंडही उघडेनासं झालं.

ऑपरेशन वगैरे काही नाही. शेक, मऊ जेवण, दहा दिवस गोळ्या, झोपताना दातांवर बसवायचा पारदर्शक साचा, आणि हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम. मोठी जांभई द्यायची नाही. दातांनी दोरा तोडायचा नाही. ‘कात्री कशाला असते?’ म्हणाल्या. आता तीस वर्षांची सवय कुठे सोडून येऊ?

शिवाय ही वही. ओठ मिटलेले असले तरी आत दात सुटे हवेत म्हणे. घरात, दुकानात लाल गोल स्टिकर लावायचे. गोल दिसला की बघायचं, दात दातांवर दाबलेले आहेत का? असतील तर वहीत खूण करायची आणि तेव्हा काय करत होते ते लिहायचं. झालं, लिहिलं.

४ फेब्रुवारी

आरशावर, नळावर, मशीनवर, कात्रीच्या मुठीवर गोल लावले. ‘घराला गोवर आला,’ इति हे. हसायला गेले तर कळ आली.

५ फेब्रुवारी

मशीनवर बसल्यावर दात सुटेच होते. चकितच झाले. मला वाटलं होतं, सगळा दोष कामाचा. दिवसभरात खुणा तीन.

सहा वाजता अकरा.

७ फेब्रुवारी, शनिवार

लिहावं की नाही, दोन दिवस घोळ घालतेय. ही वही कुणी वाचायची नाही, बाईंना फक्त खुणा दाखवायच्या. मग लिहिते.

दादा गेला. ऑक्टोबरात. माझा थोरला भाऊ. परगावी कामावर होता, तिथेच जेवता जेवता छातीत दुखलं आणि संपलं. आईला अजून सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात ती हृदयाच्या ऑपरेशनमधून बाहेर आली होती, डॉक्टर म्हणाले, धक्का नको. महिनाभर थांबू, असं मी आणि वहिनीनं ठरवलं. महिन्याचे चार महिने झाले.

आईला ऐकू येत नाही म्हणून दादाचा आणि तिचा सगळा कारभार मेसेजवर. ती भिंग धरून वाचते, एका बोटानं उत्तर लिहिते. वहिनीनं दादाचा फोन माझ्या हातात ठेवला. ‘तूच सांभाळ. तो वाजला की मला ऐकवत नाही.’ तेव्हापासून रोज सहाला दुकान बंद करते आणि दादा होऊन आईला लिहिते. बरा आहे. काम फार आहे. सुट्टी मिळत नाही. तू औषध घेतलंस का?

आज त्या फोनच्या पाठीवरही एक लाल गोल लावला.

८ फेब्रुवारी

सहाला दात इतके घट्ट होते की सुटे करायला दोन बोटांनी गाल चोळावे लागले. लोक दातखीळ बसली म्हणतात ती हीच.

११ फेब्रुवारी, बुधवार

आईकडे गेले. दुकानापासून चालत वीस मिनिटं. तिच्याकडे दिवसभर एक मावशी असतात, त्यांनाही काही माहीत नाही. आई खिडकीशी बसून दादाचे जुने मेसेज वाचत होती. जुने म्हणजे माझेच!

‘तुझं तोंड वाकडं का होतंय गं?’ तिनं लगेच पकडलं. मी पाटीवर लिहून सांगितलं, सांधा अडकलाय. तिनं मला जवळ ओढलं आणि गालावरून अंगठा फिरवत बसली. डॉक्टरीणबाई दाबतात तिथेच, अगदी बरोबर. कुणी शिकवलं हिला? मला रडू येत होतं आणि रडता येत नव्हतं. घरी येऊन खूण करायचीही शुद्ध राहिली नाही.

१२ फेब्रुवारी

कहरच झाला! पाच वाजता दादाच्या फोनवर आईचा मेसेज— ‘ठकूचा जबडा अडकलाय. लक्ष दे. ती स्वतःचं कधी बघत नाही.’

ठकू म्हणजे मी. माझी तक्रार माझ्याकडेच!

आता दादा काय लिहील? अर्धा तास डोकं धरून बसले. मग लिहिलं, ‘ती पहिल्यापासून नाटकी आहे. चार दिवस तोंड बंद राहिलं तर गावाला आराम.’ अगदी त्याचंच वाटलं. एकटीच हसले. मग कापडाच्या तागावर डोकं टेकून इतकी रडले की हे शटर ओढून आत आले. गरम पाण्याची पिशवी आणून गालाला धरली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सव्वीस. दोन वाढले. साचा बसवला, पहिल्या दिवशी तोंडात चमचा विसरल्यासारखं वाटतं. बाईंनी वही चाळली, खुणाच फक्त. ‘सकाळी नाही, दुपारी नाही. सहालाच कशा काय? सहाला काय असतं?’

म्हटलं, दिवसभराचा शीण.

त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं आणि व्यायाम शिकवला. जिभेचं टोक टाळूला लावून ठेवायचं, आणि तसंच तोंड उघडायचं, दुखेल तिथे थांबायचं. दुखेल तिथे थांबायचं! मी तर दुखतं तिथूनच रोज सुरुवात करते.

२० फेब्रुवारी

आज मऊ भात आणि कुस्करलेलं केळं. हेही तेच जेवले. मी म्हटलं, तुमचा जबडा बरा आहे, नीट जेवा. म्हणे, सोबत.

२४ फेब्रुवारी

वहिनीला फोन केला. आता सांगूया का? म्हणाली, ‘आईंनी मला विचारलं, चार महिने काय करत होतीस, तर मी काय सांगू? मी त्यांच्यासमोर उभी कशी राहू?’ तिचंही खरंच आहे. ती त्याच्यामागे दोन खोल्यांत एकटी बसलीय, आणि तिला कुणापुढे नीट विधवाही होता येत नाही. तिच्यावर चिडले होते, त्याची लाज वाटली.

३ मार्च, मंगळवार

सव्वीसच. हललंच नाही. बाई म्हणाल्या, दुखणं कमी व्हायला हवं होतं. पुन्हा गाल दाबला. मी दात आवळून सहन करत होते, त्या म्हणाल्या, ‘बघा, आत्तासुद्धा दात दाबलेत.’

आणि मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. सव्वीस मिलिमीटरमधून! दादा, फोन, सहा वाजता, सगळं. नाक पुसायला त्यांचाच कागद.

त्यांनी उपदेश केला नाही, बरं झालं. म्हणाल्या, ‘एकच कारण असं नसतं. तुमचा सांधा आधीपासून वाजत होता, दोऱ्याचं वेगळं, हे वेगळं. पण रोज सहाला तुम्ही स्नायू आवळता आणि मी बाकीचे तेवीस तास सैल करायला बघते. तुमच्या आईचं मी सांगू शकत नाही. ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.’ एवढी साधी गोष्ट चार महिने सुचली नाही मला!

५ मार्च

आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना भेटले. कागद पाहून म्हणाले, तब्येत आता स्थिर आहे. जवळच्या माणसानं, शांतपणे, बसून सांगा. औषधं चालू ठेवा. म्हणजे आता सबब उरली नाही. इतके दिवस डॉक्टरांच्या आड लपले होते.

८ मार्च, रविवार

गेले. सांगायचंच म्हणून गेले. आई मावशींना सांगत होती, दादा लहानपणी गुंड्या गिळायचा, दोनदा पोट तपासायला न्यावं लागलं. हसत होती. हसताना खोकला आला, मी पाठ चोळली. झालं. परत आले.

सहाला मेसेज पाठवला. ‘बरा आहे.’

९ मार्च

भित्री कुठली.

१५ मार्च

परत गेले, परत आले. पाटीवर ‘आई’ एवढं लिहिलं. पुढचं काही केल्या उमटेना. खाली लिहिलं, ‘औषध घेतलंस का?’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘घेतलं गं बाई. तुम्ही दोघं सारखं औषधच विचारता.’

१९ मार्च

आज कात्रीनं दोरा कापताना लक्षात आलं, दिवसभरात एकदाही तोंडाकडे नेला नाही. तेवढं तरी जमलं.

दादानं घेऊन दिलेली ही कात्री. पहिल्या पगाराची. मला हवी होती साडी, आणि यानं आणली कात्री! महिनाभर अबोला धरला होता त्याच्याशी. आता महिना काय, वर्षभर बोलला असता तरी ऐकत बसले असते.

२४ मार्च, मंगळवार

अठ्ठावीस. दुखणं निम्म्यावर आलंय. बाई खूश. सहाच्या खुणा मात्र तेवढ्याच. त्यांनी पाहिलं. निघताना खांद्यावर हात ठेवला.

२९ मार्च, रविवार

ह्यांनी विचारलं, मी सांगू का आईंना? जावई म्हणून? क्षणभर वाटलं, सांगा, सुटेन मी. मग नको म्हटलं. तिला ते माझ्याकडूनच कळायला हवं. चार महिने कसले, साडेपाच झाले, खोटं मी बोलले. तिचा मुलगा मी रोज जिवंत केला. त्याचं जाणंही मलाच सांगायला हवं. पण सांगून तिला काही झालं तर? दादाही नाही, आईही नाही, आणि दोन्हीचं पाप माझ्या माथी. लिहितानाच दात आवळले गेले.

३१ मार्च

शुक्रवारी सांगणार. वहिनीला कळवलं. ती येतेय. ‘उभी राहीन तुझ्याबरोबर,’ म्हणाली. ह्यांना दारात थांबायला सांगितलं. गोळ्या कुठे, डॉक्टरांचा नंबर कुठे, सगळं एका कागदावर लिहून पिशवीत ठेवलं. काय बोलायचं तेही लिहिलं, चारदा. चारही वेळा खोडलं.

१ एप्रिल, बुधवार

आज सहाला दादाच्या फोनवरून काही पाठवलं नाही. पहिल्यांदाच. हात पोचलाच नाही तिथपर्यंत.

२ एप्रिल

सकाळी सातला दादाचा फोन वाजला. आईचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते.

‘ठकू, काल लिहिलं नाहीस ते बरं केलंस. दादा आठवडा आठवडा उत्तर द्यायचा नाही, तो रोज सहाच्या ठोक्याला कुठला लिहितोय? दिवाळखोर होता वेळेचा. दुसऱ्या आठवड्यातच कळलं मला. तुला त्यानं धीर येत असेल म्हणून मीही लिहीत राहिले. आता पुरे. उद्या नको, आजच ये. एकटीनं रडवत नाही मला.’