दहावी कारागीर

४ मार्च

दहा! ज्या कारखान्यात दहा कारागीर, त्याला यंदापासून निम्मा कर. आणि आमच्याकडे किती? नऊ. मी मालकीण, मला मोजत नाहीत. खाली गणवेश शिवणाऱ्या नऊ बायका, वर आमचं घर. काय नशीब!

जेवताना यावरूनच जुंपली. भावजी कापड विकत गावोगाव फिरतात, त्यांना सगळं ठाऊक. म्हणाले, "सरकारला अक्कल आली म्हणायची, वहिनी. धंद्याला मोकळं सोडलं तरच चार लोकांना काम मिळतं." सासूबाई लगेच, "आणि कमावणाऱ्यांनी नाही द्यायचं तर कोणी द्यायचं? मी देऊ?" भावजी म्हणाले, आई, तुला त्यातलं कळत नाही. झालं! पेला आपटला. मी भावजींची बाजू घेतली. कर माझ्या गल्ल्यातून जातो, आईंच्या नाही.

६ मार्च

नर्सबाई येऊन गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आईंच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधतात. साखरेमुळे चिघळलीय, वर्ष होत आलं. आपल्याला एक पैसा पडत नाही, त्यांचा पगार सरकारी. चहा विचारला की ठरलेलं उत्तर— "नको ताई, अजून तेरा घरं आहेत." गल्लीच्या टोकाला एक मास्तर आहेत, ते म्हणे पट्टीपेक्षा बोलायलाच वाट बघतात.

९ मार्च

फॉर्म भरला. दहाव्या ओळीत आईंचं नाव.

अगदीच थाप नाही हं! खुर्चीत बसल्या बसल्या त्या रोज माझ्या बॉबिन भरून देतात. तरुणपणी शिवायच्यासुद्धा. सही मागितली तर म्हणाल्या, "पगार किती?" म्हटलं, आई, फक्त कागदावर. "म्हणजे फुकट," म्हणाल्या आणि केली सही.

१८ मार्च

तपासणीला साहेब आले. डोकी मोजायला! यांनी आईंना धरून जिना उतरवला, कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर बसवलं. आईंनी दोरा न ओवताच धडाधड मशीन हाणलं! नऊजणी माना खाली घालून हसताहेत. साहेब म्हणाले, "आजी, जमतं का या वयात?" आई म्हणाल्या, "न जमून सांगते कोणाला? सून बघितलीत ना माझी?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पास झालो.

२ एप्रिल

निम्मा कर मंजूर! उरलेल्या पैशांत काजं करायचं मशीन घेतलं. भावजी म्हणाले, "मानलं वहिनी तुम्हाला." आईंना गंमत म्हणून विचारलं, बढती देऊ का? म्हणाल्या, आधी उशी दे पायाखाली.

७ एप्रिल

नर्सबाई आल्या नाहीत.

१० एप्रिल

आजही नाहीत. दुपारी पत्र आलं— रुग्ण नोकरीत असल्यामुळे त्यांची घरपोच सेवा बंद करण्यात येत आहे. नोकरीत! कराच्या कचेरीतली नावं दवाखान्याच्या यादीशी पडताळून बघतात, हे मला काय माहीत?

आईंनी पत्र वाचलं. चष्मा काढला. पत्राची घडी करून मला परत दिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल

पट्टी मीच करते. पहिल्या दिवशी इतकी घट्ट बांधली की बोटं निळी पडली. खासगी नर्सचा भाव विचारला, तोंडचं पाणी पळालं. काल जखमेला वास येत होता. आज टाचेपाशी काळं दिसलं म्हणून डॉक्टरांना बोलावलं. म्हणाले, जाणत्या हाताने रोज धुतली गेली नाही तर पाय राहायचा नाही.

हे म्हणाले, "आईचं नाव काढ त्या फॉर्मवरून." माझ्या तोंडून निघून गेलं— "मशीनचे पैसे देऊन बसलोय!" हे उठून आईंच्या खोलीत गेले. माझी मलाच लाज वाटली. मशीन काय, उद्या विकताही येईल.

२० एप्रिल

कराच्या कचेरीत जाऊन खरं सांगितलं, नाव काढलं. खिडकीवरचा कारकून भला निघाला. दंड नाही म्हणाला, महिन्याभरात खरी दहावी बाई दाखवा, सवलत राहील. म्हटलं, ते राहू द्या हो, नर्सबाईंचं तेवढं परत सुरू करा. तर म्हणाला, ती सेवाच बंद झाली पंधरा तारखेपासून. सगळ्यांचीच.

"का हो?"

"कर कमी जमा होतोय ना, बाई."

टोमणा नव्हता त्यात. साधं सांगितलं त्याने. घरी आल्यावर भावजींना सांगितलं. ते उठून आईंच्या पायाखालची उशी नीट करायला गेले.

२१ एप्रिल

सकाळी दारात नर्सबाई! औषधांची पिशवी नाही, पांढरे कपडे नाहीत. "ताई, काम आहे का? मशीन शिकेन मी." नोकरी गेली त्यांची.

लगेच हो म्हटलं. फॉर्मवर दहावी कारागीर म्हणून त्यांचं नाव घातलं आणि मशीनवर न बसवता थेट वर पाठवलं, आईंच्या खोलीत. जखम बघून म्हणाल्या, रोज बघितली तर वाचेल पाय.

चहा विचारला. आज बसून प्यायल्या. बाकीच्या तेरा घरांचं मी विचारलं नाही.