अर्धं घर सरकलेली शंकरपाळी

गुरुवार, पांडेसरा

आज मोठ्या दिरांनी कारखान्यात सगळ्यांसमोर माझं पदराचं डिझाइन टेबलावर आपटलं. "माप एकच, मग या शंकरपाळीत पाच टिकल्या आणि त्या शंकरपाळीत चारच कशा?"

टिकली ग्राफच्या रेघा छेदतात तिथेच बसते. माझ्या शंकरपाळीची टोकं दोन रेघांच्या मधे येतात. तीच शंकरपाळी ग्राफचं अर्धं घर वर आणि अर्धं बाजूला सरकवली की एक टिकली कमी बसते. हे समजावलं, तर म्हणाले, "मला गणित शिकवू नकोस. सारख्या कर, नाहीतर दुसरा डिझायनर बसवतो."

चार आणि पाच. एवढ्या पदरात त्या माणसाला तेवढंच दिसलं.

ठीक आहे. उद्या सगळी टोकं रेघांच्या छेदांवर आणते, अर्धं घर सरकलेली एकही ठेवत नाही. साडी मोरीच्या फरशीसारखी दिसेल, पण त्यांना मोजता येईल.